टनाला सतराशे त्यांना परवडतं कसं?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या दोन दहाचाकी गाड्या आहेत, दोन्ही एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या (पासिंग म्हणजे आरटीओची नोंदणी). शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून बेंगळुरू-होसूर लाईनला कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, भरता. तुम्ही टनाला २,४०० मागता आणि तोच माल तमिळनाडू नाहीतर कर्नाटक पासिंगची गाडी १,७०० ला उचलून नेते. त्यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. बाहेरच्या गाड्यांना इथं माल भरू देऊ नये, अशी भूमिका आपल्या गाडीमालकांच्या असोसिएशननं का घेऊ नये? एक गाडी कर्नाटक पासिंगला नेली तर निभाव लागेल का? आणि कर्ज मिळतंय तर तिसरी गाडी घ्यावी का?

मी या धंद्यात २७ वर्षं आहे. आधी उचगावच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) लिहायचो, मग एक जुनी सहाचाकी घेतली. आज पाच गाड्या आहेत आणि थोडं बुकिंगही करतो. म्हणजे मी गाडीमालक आहे, आणि वेळ पडली तर बाहेरची गाडी लावून कमिशन खाणाराही आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना "हा त्यांच्याच बाजूचा दिसतोय" असं दोन-तीनदा तरी तुमच्या मनात येईल.

"बाहेरच्या गाड्या दर पाडतात" असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं असं येतं, की कुणीतरी कोल्हापूरचा माल पळवायचा म्हणून तमिळनाडूतल्या नामक्कलहून निघालाय. तसं कुणी निघत नाही हो. ती टीएन २८ ची, म्हणजे नामक्कल पासिंगची, गाडी इचलकरंजीला सूत घेऊन आलेली असते. कोइमतूर, इरोड, सेलम, दिंडीगल या पट्ट्यातल्या गिरण्यांचं सूत आपल्याकडच्या मागांना वर्षानुवर्षं येतंय. गाठी उतरल्या की गाडी मोकळी. ड्रायव्हरला घर गाठायचंय, मालकाला पुढच्या सुतासाठी गाडी तिकडं हवी आहे. कर्नाटकच्या गाड्यांचंही तेच. कुणी तिपटूरचा नारळ आणलेला असतो, कुणी गंगावतीचा तांदूळ, कुणी कोप्पळ-होस्पेटकडचं पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) तुमच्याच फौंड्रीत उतरवलेलं असतं. माल उतरला की या सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडं. तुमची जायची वाट ती त्यांची परतीची वाट आहे, आणि सतराशेचं सगळं गणित या एका गोष्टीत आहे.

कागद घेऊन बसा. मी आकडे हिशोबापुरते धरतो, तुम्ही तुमचे घाला. बेंगळुरू आपल्यापासून ६२० किलोमीटर धरू. माल १८ टन. गाडी भरलेली असताना लिटरला ३.८ आणि मोकळी असताना ५ चं ॲव्हरेज, डिझेल ९१ रुपये. जाताना साधारण १६३ लिटर लागतं, म्हणजे १४,८०० रुपये. टोल, ड्रायव्हरचा भत्ता, टायरची झीज, ग्रीसिंग-मेंटेनन्स आणि वाटेतलं किरकोळ मिळून साडेनऊ हजार धरा. जायचा खर्च झाला २४,३००. येताना गाडी मोकळी आली तर डिझेल ११,३०० आणि बाकीचं आठ हजार, म्हणजे १९,३००. आता गाडी उभी असो की चालू, जो खर्च अंगावर येतोच तो घ्या: बँकेचा हप्ता, इन्शुरन्स, परमिट, टॅक्स, ड्रायव्हरचा पगार. तो दिवसाला ३,००० धरू आणि फेरा पाच दिवसांचा, म्हणजे १५,०००. सगळी बेरीज ५८,६००. अठरा टनांनी भागा, टनाला ३,२५० च्या वर जातं.

आता जरा थांबा. तुम्ही मागता ते २,४००. म्हणजे १८ टनांचे ४३,२००. गाडी मोकळी परत आली तर तुमच्याच दरानं तुम्हाला पंधरा हजारांचा खड्डा पडतो. तरी तुम्ही इतकी वर्षं टिकलात, ते कशावर? होसूरहून नाहीतर बेंगळुरूहून येताना जे मिळेल ते भरून आणता त्यावर. तिथं तुम्ही तरी दराला अडून बसता का? दोन दिवस गाडी उभी राहिली की ड्रायव्हरचे फोन सुरू होतात आणि तुम्ही म्हणता, "भर बाबा काय असेल ते, ये निघून." त्या क्षणी होसूरचा एखादा दोन गाड्यांचा मालक आपल्या भाषेत म्हणत असतो, की या महाराष्ट्राच्या गाड्यांनी आमचा पुणे लाईनचा दर पार मातीत घातला.

नामक्कलवाल्याची बाजू आता सोपी आहे. सुताच्या भाड्यात त्यानं येण्याचा खर्च आणि बराचसा परतीचाही काढलेला असतो. त्याच्यापुढं प्रश्न एवढाच, की मोकळं जायचं की काही भरून जायचं. भरून गेलं तर जादा काय लागतं? साडेतीन हजारांचं डिझेल, दीड हजारांची जादा झीज आणि किरकोळ, भरतीसाठी एक दिवस थांबायचे तीन हजार, दलालाचे दीड हजार. झाले साडेनऊ हजार. सतराशेच्या दरानं त्याला मिळतात ३०,६००. मोकळं जाण्यापेक्षा एकवीस हजार जास्त घेऊन तो हसत हसत घरी जातो. शिवाय होसूर त्याच्या वाटेवरच आहे, वळसासुद्धा नाही. उद्या कुणी बाराशे म्हणालं तरी तो नाही म्हणणार नाही. त्याचा तळ, म्हणजे परवडणारा सगळ्यात कमी दर, तुमच्या तळाच्या खूप खाली आहे, आणि त्या तळापर्यंत तुम्ही त्याच्याशी दरानं भांडायला गेलात तर आधी तुम्ही बुडाल.

मात्र एक गोष्ट आधी तपासा. सतराशे म्हणजे किती टनांवर? दहाचाकीचं एकूण वजन कायद्यानं २८.५ टन आहे, म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन वजा जाता माल अठरा-एकोणीस टन. कुणी त्याच गाडीत २४ टन घालून सतराशे म्हणत असेल, तर तो परतीचा हिशोब नव्हे, ओव्हरलोड आहे. तिथं तुमची तक्रार शंभर टक्के रास्त. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० असा दंड आहे, आणि कायदा फक्त ड्रायव्हरला धरत नाही, तशी गाडी चालवायला लावणाराही त्यात येतो. फौंड्रीच्या डिस्पॅचवाल्याला हे शांतपणे सांगून बघा. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या फौंड्र्या या बाबतीत हल्ली जपून असतात. काट्याची पावती मागितली की काही स्वस्त दर आपोआप वर येतात, असा माझा अनुभव आहे.

आता असोसिएशनचं. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण यात माझे स्वतःचे हात पोळलेत.

बरीच वर्षं झाली. आम्ही वीस-पंचवीस मालकांनी ठरवलं, की बाहेरच्या गाड्यांना भरू द्यायचं नाही. तावडे हॉटेलच्या चौकात उभे राहायचो, गाडीचा नंबर बघायचो, ड्रायव्हरला खाली उतरवायचो. मारहाण कधी केली नाही, पण तो घाबरावा इतपत बंदोबस्त असायचा. चार दिवस दर वर गेला. आम्ही खूश. पाचव्या दिवशी एका फौंड्रीच्या मालकानं मला बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाला, "तुमचं बरोबर असेल, पण माझा माल चार दिवस अंगणात पडून आहे आणि पलीकडं गिऱ्हाइकाची लाईन थांबायची वेळ आली." महिनाभरात त्यानं सगळी वाहतूक वर्षाच्या करारानं पुण्याच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्टरला देऊन टाकली. त्या ट्रान्सपोर्टरच्या स्वतःच्या गाड्या मोजक्याच. तो काय करायचा? त्याच तमिळनाडूच्या गाड्या लावायचा. फरक इतकाच, की आधी त्या फौंड्रीच्या दारात मी आणि ते समोरासमोर होतो, आता मधे तिसरा आला आणि आम्ही दोघंही त्याच्या दारात उभे. ते काम मला आजतागायत परत मिळालेलं नाही.

कायद्याच्या बाजूनंही हे टिकत नाही. नॅशनल परमिट असलेली गाडी एका राज्यात माल भरून दुसऱ्या राज्यात उतरवू शकते, त्यात बेकायदा काही नाही. उलट सगळ्या मालकांनी मिळून दर बांधणं आणि दुसऱ्याला अडवणं हे २००२ च्या स्पर्धा कायद्याला धरून नाही. असोसिएशननं जिथं एकजूट दाखवायला हवी, ती ठिकाणं वेगळी आहेत. वाराईचंच, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचंच, बघा. "ज्याचा माल त्याचा हमाल" ही आपली घोषणा किती वर्षं चालली आहे, आणि तरी कित्येक ठिकाणी उतरणावळीचे पैसे गाडीवाल्याच्या खिशातून जातातच. माल उतरवायला दोन-दोन दिवस लावायचे आणि हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) द्यायचं नाही, यावर भांडा. त्यात नामक्कलवालाही तुमच्या बाजूनं उभा राहील, कारण त्याचीही तीच रड आहे.

आणि एक जागा अशी आहे जिथं बाहेरच्या गाडीला हरकत घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण तिकडं आपलं लक्षच नसतं. नॅशनल परमिटच्या नियमात स्पष्ट आहे, की परराज्यातल्या गाडीनं दुसऱ्या राज्यातल्या दोन गावांमधला माल वाहायचा नाही. केए २३ ची, म्हणजे कर्नाटक पासिंगची, गाडी कोल्हापुरात भरून बेंगळुरूला खुशाल जाईल, पण कोल्हापुरात भरून चाकणला उतरवणार असेल तर ते नियमाबाहेर आहे. तिचं स्वतःचं राज्य ते तिचं अंगण, इतरांच्या अंगणात तिनं फक्त ये-जा करायची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असा माल भरताना बाहेरची गाडी सापडली तर आरटीओकडं लेखी द्या, असोसिएशनच्या लेटरहेडवर द्या. रस्त्यात गाडी अडवायला जाऊ नका.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. एक गाडी कर्नाटक पासिंगला नेऊ का? नेलीत तर कोल्हापूर-पुणे, कोल्हापूर-मुंबई, जेएनपीटीहून इकडं येणारा माल, हंगामात कारखान्यांची साखर महाराष्ट्रातल्या बाजारांना, हे सगळं त्या गाडीला बंद. बदल्यात हुबळी-बेंगळुरू, बेळगाव-दावणगेरे असली कर्नाटकातली कामं मिळतील, पण तिथं तुमची ओळख कुणाशी आहे? भाषा येते? पैसे अडकले तर वसूल करायला कोण जाणार? शिवाय पासिंग बदलायचं म्हणजे तिथला पत्ता लागतो, इथून एनओसी लागते, तिथला टॅक्स भरावा लागतो. आणि पत्ता सीमेपलीकडच्या निपाणीचा दाखवून गाडी कायम अलीकडच्या कागललाच उभी करणार असाल तर तेही नियमात बसत नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांवर ठेवली की तिथली नोंदणी करून घ्यावी लागते. आपल्या हायवेवर एनएल ०१ चे, म्हणजे नागालँड पासिंगचे, ट्रेलर दिसतात, त्यावरून लोकांना वाटतं की पासिंगचं काय, कुठलंही चालतं. ती मोठ्या फ्लीटवाल्यांची गणितं आहेत. दोन गाड्यांच्या मालकानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्नाटक पासिंगच्या मोहामागं पूर्वी डिझेल असायचं. निपाणीला टाकी फुल्ल करून आलं की लिटरमागे चांगले पाच-सहा रुपये वाचायचे, आणि कागल ओलांडून टाकी भरायला जाणारे आपलेही कमी नव्हते. पण जून २०२४ मध्ये कर्नाटकनं विक्रीकर वाढवल्यानं तिथं डिझेल तीन रुपयांनी वाढलं. मग १ एप्रिल २०२५ पासून कर १८.४४ वरून २१.१७ टक्के झाला आणि आणखी दोन रुपये चढले. त्या महिन्यात तिथल्या लॉरीवाल्यांनी संपही केला होता. दहा महिन्यांच्या आत पाच रुपये म्हटल्यावर सीमेवरचा फरक जवळजवळ विरलाच. तरीही त्यांचे दर वर आले नाहीत, हे लक्षात घ्या. डिझेलमुळं दर पडत असते तर ते चढायला हवे होते.

मग आत्ताच एवढी ओढाताण का जाणवते, असं तुम्ही विचाराल. तमिळनाडूच्या गाड्या तर आधीपासून येत होत्या. माझ्या मते दोन-तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. आधी कागद तपासायला रांगेत अर्धा-अर्धा दिवस जायचा. वर्षभरानं, जुलै २०१८ मध्ये, केंद्रानं एक्सलवरचा भार वाढवला आणि दहाचाकीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टन झालं. आधी पाच गाड्यांत जाणारा माल चार गाड्यांत मावायला लागला. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि टोलवरच्या रांगा आटल्या. माझ्या जुन्या वहीत बेंगळुरूचे महिन्याला चार फेरे दिसतात, आता त्याच लाईनला पाच होतात. प्रत्येक सोय झाली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण प्रत्येकाची गाडी जास्त फेरे मारायला लागली आणि जास्त टन उचलायला लागली, म्हणजे एकही नवी गाडी रस्त्यावर न येता बाजारात गाड्या वाढल्यासारखंच झालं. माल त्या प्रमाणात वाढला नाही. मोबाइलवर लोड दिसायला लागल्यापासून तर इचलकरंजीत सूत उतरवायच्या आधीच त्या ड्रायव्हरला शिरोलीतला माल ठाऊक असतो.

याची उलटी बाजूही बघितली आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. रस्ता सुटला तेव्हा सुरुवातीचे आठ-दहा दिवस दक्षिणेकडच्या मोकळ्या गाड्याच इथं नव्हत्या. मी तोंडातून आकडा काढायच्या आधी डिस्पॅचवाले "देतो" म्हणत होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसंच. तोच रस्ता, तोच माल, तेच डिझेल. फरक होता तो फक्त त्या दिवशी दक्षिणेकडं तोंड करून किती मोकळ्या गाड्या उभ्या होत्या, याचा. उलट डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटून बेळगावजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली, तेव्हा आपल्या गाड्या काही दिवस घरी राहिल्या. माल राहिला नाही, तो केए गाड्यांतून गेला. त्यातली माझी दोन गिऱ्हाइकं परत यायला सहा महिने लागले.

तर इथवरचा मुद्दा एवढाच: समोरचा स्वस्त नाही, तो परत चाललाय. त्याला अडवून उपयोग नाही आणि त्याच्यासारखं पासिंग घेऊनही उपयोग नाही. आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, भाड्याचा हिशोब जाण्याचा करू नका, फेऱ्याचा करा. गाडी कोल्हापुरातून निघाली ते कोल्हापुरात पुन्हा भरायला उभी राहिली, तोवरची सगळी आवक आणि सगळे दिवस. माझ्या एका गाडीचा फेरा कोल्हापूर-बेंगळुरू, बेंगळुरू-चाकण आणि पुणे-कोल्हापूर असा आहे. यातला पहिला टप्पा मी सतराशे-अठराशेला बिनदिक्कत करतो. दुसऱ्या टप्प्याला बेंगळुरूकडच्या नेलमंगलाच्या गोदामांतला आणि पीन्याच्या कारखान्यांतला माल मिळतो, तो लांबचा आणि बरा असतो. तिसऱ्या टप्प्याला कर्नाटकची गाडी कायद्यानं माल भरूच शकत नाही, तिथं माझं एमएच पासिंग कामाला येतं. हा त्रिकोण जुळवायला मला दीड वर्ष लागलं, बेंगळुरूला स्वतः सात-आठ वेळा जावं लागलं. फोनवर माणूस ओळखीचा होत नाही. तिथल्या दोन दलालांचे पैसे मी पोहोच पावती हातात आल्याच्या दिवशी देतो, कधी अडकवत नाही. म्हणून माझी गाडी तिथं दुसऱ्या दिवशी भरते. उभ्या गाडीचा दिवस तीन हजारांना पडतो, हे वर लिहिलंच आहे.

दुसरी गोष्ट, कास्टिंगमधलंच असं काम शोधा जे परतीच्या गाडीला जमत नाही. तुम्ही ज्या फौंड्र्यांचा माल भरता त्यांतल्या काहींचा माल लोखंडी बिनमधून (पेट्यांतून) किंवा ट्रॉलीतून जातो, आणि त्या मोकळ्या बिन होसूरहून परत आणाव्या लागतात. नामक्कलवाला त्या आणणार नाही, कारण तो इकडं येईल ते सूत घेऊन, आणि तेही कधी येईल याचा नेम नाही. बिन अडकल्या की फौंड्रीचं पुढचं डिस्पॅच अडकतं. मी एका ठिकाणी दराचं बोलणंच सोडून दिलं आणि म्हणालो, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी गाडी जाईल आणि तुमच्या बिन घेऊन येईल, फेऱ्याचे एवढे द्या. टनाला किती पडले हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. सगळीकडं हे जमेल असं नाही. ज्यांचा माल पोत्यात किंवा लाकडी खोक्यात जातो, तिथं तुमच्यात आणि टीएन गाडीत फौंड्रीला काही फरक दिसणार नाही. तिथं बाजारभावानं भरा, नाहीतर सोडा.

पैसे कधी मिळतात हेही बघा. बाहेरची गाडी लागते तेव्हा फौंड्री किंवा दलाल ऐंशी-नव्वद टक्के ॲडव्हान्स देतो, बाकी पोहोच आल्यावर. तुमच्या २,४०० चे पैसे किती दिवसांनी येतात? पंचेचाळीस, साठ? तोवर डिझेल पंपावर उधार, टायरवाल्याकडं उधार, आणि उधारीच्या डिझेलला पंपवाला दर वेगळा लावतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी एका फौंड्रीत टनाला दोनशे कमी करून पंधरा दिवसांत पैसे असं लिहून घेतलं आणि वर्षाअखेरीस फायद्यातच राहिलो. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकानं पॅन आणि तसं लेखी दिलं तर भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो, तरी अनेक ठिकाणी अकाउंटवाले कापून मोकळे होतात. ते पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच देऊन ठेवा.

दर कुठल्या दिवशी किती असेल, याचा अंदाज तुम्ही घरबसल्या घेऊ शकता आणि त्याला पैसे पडत नाहीत. इचलकरंजीत सुताच्या गाड्या किती उतरल्या, मार्केट यार्डात नारळ-तांदळाच्या किती, हे तिथल्या हमालांना सकाळी साडेआठला पाठ असतं. यंत्रमाग मंदीत असले की सूत कमी, गाड्या कमी, आणि आपला दक्षिणेचा दर जरा उभा राहतो. उसाचा हंगाम लागला की स्थानिक गाड्या कारखान्यांकडं ओढल्या जातात, तेव्हाही तसंच. दिवाळीच्या आधी मात्र त्या सगळ्या ड्रायव्हरांना घर दिसायला लागतं आणि ते कुठल्याही दरानं निघतात. त्या आठवड्यात मी माझ्या गाड्या पुणे लाईनला ठेवतो, सर्व्हिसिंगची कामंही तेव्हाच काढतो.

हे सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. गाड्यांचे हप्ते फिटलेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हप्ता नसेल तर दिवसाचे तीन हजार नव्हे, हजार-बाराशेच धरावे लागतील आणि तुमचा तळही बराच खाली येईल. मग सतराशेला तुम्हालाही फारसं रडायचं कारण नाही. एक गाडी तुम्ही स्वतः चालवता का, घरचं कुणी ड्रायव्हर आहे का, यानंही आकडे हलतात. होसूरला तुमचं कायमचं परतीचं भाडं आहे की दर वेळी शोधता, हे तर सगळ्यात महत्त्वाचं.

तिसऱ्या गाडीचं म्हणाल तर आत्ता नको. दोन गाड्यांना परतीचं भाडं नक्की नसताना तिसरी घेणं म्हणजे होसूरच्या नाक्यावर आणखी एक गाडी मोकळी उभी करणं. बँक कर्ज देतेय ते तुमच्या शेताच्या उताऱ्याकडं बघून, तिला तुमच्या फेऱ्याचं काय पडलंय? त्यापेक्षा दोनांतली एक गाडी पुणे-मुंबईला ठेवा, एक बेंगळुरूला, आणि तीन महिने प्रत्येक फेऱ्याचे चारच आकडे लिहा: किती दिवस लागले, त्यातले किती उभी राहिली, मोकळी किती किलोमीटर धावली, आणि फेऱ्याअखेर हातात काय आलं. मोकळे किलोमीटर एकूण धावेच्या पाचव्या हिश्श्याच्या आत आले, की मग तिसऱ्या गाडीचं विचारा. तेव्हा ती वही घेऊनच या, तावडे हॉटेलला चहा माझ्याकडून.